पिवळं फडकं आणि सेतुमाधवरावांची कॉफी

शुक्रवारी सकाळी मैलापुरातल्या त्या गल्लीत सायकल-रिक्षा शिरायची सोय नसे. सेतुमाधवरावांच्या घराला रस्त्याकडेला दगडी ओटा होता, तिकडे त्याला तिण्णै म्हणत. त्या तिण्णैवर मंजळसामी बसलेले असत आणि खाली निम्मी गल्ली हात जोडून उभी असे. मंजळ म्हणजे हळद. सामींचं धोतर हळदीचं, उपरणं हळदीचं, दाढीचं टोकसुद्धा हळदीत बुडवून काढलेलं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, लग्न लागायचं राहिलेला नवरदेव बसलाय.

पुढ्यात दोन कमंडलू. एकात गंगा, दुसऱ्यात कावेरी. आणि मांडीवर हळदीत भिजवून वाळवलेल्या फडक्यांची चळत.

ही गर्दी हरवलेली गाय शोधायला आलेली नव्हती, की मुलीचं लग्न कधी जमेल ते विचारायलाही नाही. सामींच्या तोंडून देवीला विचारायचा सगळ्यांचा प्रश्न एकच असे. घरात माणूस आजारी आहे, तर डॉक्टरला घरी बोलवायचं की नाही?

आता तुम्ही म्हणाल, यात देवीला काय विचारायचं? तुम्ही त्या गल्लीत राहिला नाहीत, म्हणून म्हणताय. पन्नास-साठ सालच्या मद्रासेत डॉक्टर घरी येणं म्हणजे छोटं कार्यच असे. डॉक्टरीण विजयलक्ष्मीबाईंची काळी मोटार वळणावर दिसली की दारादारांतून माणसं बाहेर. घरात नवा साबण हवा, कोरा टॉवेल हवा, हात धुवायला पितळी घंगाळात ऊन पाणी हवं, चांदीच्या टंबलरमध्ये कॉफी हवी आणि न डुगडुगणारी खुर्ची हवी. ती बहुधा शेजाऱ्याकडून आणावी लागे. बाई गेल्या की संध्याकाळी तंजावरहून एखादी आत्या रडत उतरायची, कारण तोवर कुणीतरी तिला तार ठोकलेली असे. साध्या तापाला डॉक्टर बोलवावा तर लोक म्हणणार, शिंक आली की मोटार आणतात. न बोलवावा आणि वाईट झालं तर तेच लोक म्हणणार, माणूस हाताने घालवला. म्हणजे धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

हा पेच मंजळसामींनी सोडवला होता. फडकं रोग्याच्या अंगावर पसरायचं आणि त्यावर तीर्थ शिंपडायचं. फडकं पिवळंच राहिलं तर देवी म्हणते, मी आहे, डॉक्टर नको. लाल झालं तर देवी म्हणते, बोलवा.

"देवी इंग्लीश औषधाच्या विरुद्ध नाहीं," सामी डोळे मिटून सांगत. ते मूळचे तंजावराकडचे मराठी, त्यामुळे गल्लीतल्या जुन्या मराठी घरांना ते आपलेच वाटत. "देवी काय म्हणते? म्हणते, बाळांनो, डॉक्टरीणबाईसही झोंप आहे, तिजही घर आहे. उगाच कशास हांक मारतां? आधीं मज विचारा."

"आणि गंगा शिंपडायची की कावेरी, तें कसें कळतें सामी?" कुणी भाबडेपणाने विचारी.

"कानांत सांगते."

"कोण्या कानांत?"

"जो कान मोकळा असेल त्या कानांत," सामी म्हणत आणि गर्दी मान डोलवी.

गर्दीत मान न डोलवणारी एकच होती. ती म्हणजे माडीवर भाड्याने राहणारी विद्युलता. नवरा रत्नाकर रेल्वेच्या कचेरीत कारकून, बदली होऊन साताऱ्याहून थेट मद्रासेत येऊन पडलेला. विद्युलताची जीभ तिखट आणि नजर त्याहून. माडीच्या कठड्यावरून ती सामींचा कारभार बघत असे आणि तिच्या एक गोष्ट पहिल्याच महिन्यात लक्षात आली होती. फडकं पसरण्याआधी सामी चौकशा फार करत. ताप कधीपासून? भात पोटात ठरतो का? घरचे काय म्हणतात? साधी सर्दी असली की गंगा आणि पिवळं. रोगी ऊर्ध्व लागल्यासारखा आणि घरच्यांनी आधीच मोटारीला माणूस पाठवलेला असला, की कावेरी आणि लाल.

"एवढं तर आमच्याकडची बोहारीणसुद्धा सांगेल," ती नवऱ्याला म्हणाली. "सर्दी काय, औषध घेतलं तर सात दिवसांत जाते आणि नाही घेतलं तर आठवड्यात."

पण रत्नाकरचा त्यावर विश्वास नव्हता, कारण त्याला स्वतःला अनुभव आला होता. त्याला एकदा उचकी लागली, ती दुपारपर्यंत थांबेना. खालच्या गोदाक्कांनी, म्हणजे घरमालक सेतुमाधवरावांच्या पत्नीने, त्याला धरून सामींपुढे बसवला. फडकं पिवळं राहिलं आणि दिवे लागायच्या सुमारास उचकी थांबली.

"थांबली की नाही?" रत्नाकर आजतागायत विचारत असे.

"अहो, उचकी थांबतेच. नोकरीला लागल्यापासून निवृत्तीपर्यंत उचकी देणारा कारकून पाहिलाय का तुम्ही?"

"तुला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते," रत्नाकर म्हणे आणि वर्तमानपत्रात तोंड घाली.

सामींचे सर्वांत मोठे भक्त म्हणजे खुद्द सेतुमाधवराव. सरकारी हिशेब-कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, पोट सुटलेले, आवाज मोठा आणि मन मऊ असे गृहस्थ. सामींना तिण्णै दिली ती त्यांनीच. त्याबद्दल सामींनी पोंगलच्या दिवशी सगळ्या गल्लीदेखत त्यांच्या दंडाला ताईत बांधला आणि गर्जून सांगितलं, "वर्षभर ह्या घराची पायरी डॉक्टर चढणार नाहीं. चढला तर मी मंजळसामी नव्हे." सेतुमाधवराव धन्य झाले. त्या दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा एक टंबलर कॉफी जास्त घेतली.

कॉफी हा त्यांचा प्राण. पहाटे फिल्टरमधून डिकॉक्शन उतरलं की वास माडीपर्यंत येई आणि मागोमाग त्यांची हाक, "गोदे, फेंस कमी झाला की काय आज?" रोजचा फेस रोजच कमी झालेला असे.

आणि मग चैत्रातल्या एका सकाळी गोदाक्का हातात भरलेला टंबलर घेऊन माडीचा जिना चढून आल्या. त्यांचं मराठी जुन्या पोथीतून उतरून तमिळ हेल घेऊन आलेलं, विद्युलताला ते ऐकायला फार आवडे. पण आज त्या हेलात रडू होतं.

"अगो विद्यु," त्या म्हणाल्या, "ह्यांनीं कॉफी नको म्हटलें."

विद्युलता खाली धावली. सेतुमाधवराव झोपाळ्यावर आडवे होते. पोट दुखत होतं. सकाळी बेंबीपाशी दुखत होतं म्हणे, आता खाली उजवीकडे सरकलं होतं. दोनदा ओकारी झालेली. अंगात कसर. उजवा पाय सरळ करायला सांगितलं तर ते कण्हले आणि गुडघा पोटाशी घेऊन पडून राहिले. नेहमी गल्लीला ऐकू जाणारा माणूस आता शेजारच्यालाही ऐकू जात नव्हता.

"अक्का, डॉक्टरीणबाईंना बोलवा," विद्युलता म्हणाली.

तोवर शेजारचे गुरुमूर्ती येऊन दाखल झाले होते. दुसऱ्याच्या दुखण्यात सल्ला देणं हा त्यांचा आवडता उद्योग. "वायू आहे," ते म्हणाले. "ओव्याचें पाणी द्या. माझ्या मेव्हण्यास असेंच झालें होतें."

"मग काय झालं त्यांचं?"

"तो वारला. पण तो दुसऱ्या कारणानें."

ओव्याचं पाणी दिलं, तेही बाहेर पडलं. मग गोदाक्कांनी सामींना आत बोलावलं. सामींनी रोग्याकडे पाहिलं, दंडावरच्या ताईताकडे पाहिलं, दारातल्या शेजाऱ्यांकडे पाहिलं. फडकं पसरलं आणि गंगा शिंपडली. पिवळं.

"देवी म्हणते, मी आहे."

जेवणवेळ झाली, घरात कुणी जेवलं नाही. दुखणं वाढलं. पुन्हा फडकं, पुन्हा गंगा, पुन्हा पिवळं. या खेपेला सामींनी एकही प्रश्न विचारला नाही, हे विद्युलताने बरोबर टिपलं. एरवी उचकीलाही दहा चौकशा करणारा माणूस आज गप्प होता आणि दाढीवरची हळद घामाने ओघळून गळ्यापर्यंत आली होती. कारण उघड होतं. मोटार दारात आली की ताईत फुकट आणि तिण्णै गेली.

विद्युलताने गोदाक्कांना स्वयंपाकघरात नेलं. "अक्का, फडक्याचं राहू द्या. तुम्हाला काय वाटतं? तुमच्या मनाला विचारा."

"मज भय वाटतें," गोदाक्का म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "पण देवी नको म्हणते. मी तिचें मोडून डॉक्टरीण आणली आणि ह्यांना कांहीं झालें, तर तें माझ्या हातून झालें ना? मी कोण ठरवणार? मी कधीं कांहीं ठरवलें आहे ह्या घरांत?"

विद्युलताचा राग तिथल्या तिथे विरला. तिला वाटत होतं, ही माणसं भोळी आहेत. भोळी कुठली, घाबरलेली होती. ठरवायचं ओझं कुणालाच खांद्यावर नको होतं, म्हणून ते फडक्यावर टाकलेलं. देवीने सांगितलं की दोष देवीचा. पण खोलीत माणूस तळमळत होता आणि वेळ चालला होता.

गोदाक्कांनी डोळे पुसले. "निदान दृष्ट तरी काढतें," त्या म्हणाल्या. "आरती करतें."

विद्युलताच्या साताऱ्यात आरती म्हणजे निरांजन. इथली आरती तिने कधी जवळून पाहिलेली नव्हती. गोदाक्कांनी ताटात पाणी ओतलं, त्यात हळद कालवली. पाणी पिवळं झालं. ते ताट घेऊन त्या झोपाळ्यापाशी गेल्या, सेतुमाधवरावांच्या विड्याच्या पेटीतून बोटभर चुना काढला आणि ताटात कालवला.

पिवळं पाणी लालभडक झालं.

विद्युलता तोंड उघडं टाकून बघत राहिली. "अक्का, हे काय केलंत?"

"काय केलें? आरती."

"लाल कशानं झालं?"

"सुण्णांबूनें. चुन्यानें गो. हळदीस चुना लागला कीं लाल होतें. तुमच्याकडे बायका आरती नाहीं करत?" गोदाक्का डोळ्यांत पाणी घेऊन तिच्याकडे बघत होत्या. घरात ही वेळ आणि ही पोरगी पाककृती विचारते, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

त्या ओवाळायला लागल्या. समोर सेतुमाधवराव. त्यांच्या पोटावर हळदीचं फडकं, अजून ओलं. आणि फडक्याशेजारी, हातभर अंतरावर, त्याच हळदीचं लाल पाणी. ही बाई जन्मभर हे करत आली होती. गल्लीतल्या प्रत्येक घरात, प्रत्येक बारशाला, प्रत्येक नव्या सुनेला हे होत आलं होतं. आणि फडकंही तसंच लाल होत असेल, हे एकीच्याही मनात आलं नव्हतं.

विद्युलताने तिथेच ओरडून सगळं सांगितलं असतं. पण तिने विचार केला. आता सांगायला बसलं तर सामी वाद घालणार, गुरुमूर्ती मेव्हण्याची गोष्ट सांगणार, गोदाक्का आणखी गोंधळणार आणि या सगळ्यात संध्याकाळ होणार. गोदाक्कांना ज्ञान नंतर देता येईल. आत्ता त्यांना परवानगी हवी होती.

सगळे ताटाकडे बघत असताना तिने विड्याच्या पेटीतल्या चुन्यात तीन बोटं घातली, देवीचं नाव घेतल्यासारखं काहीतरी पुटपुटली आणि हात फडक्यावर ठेवला. उचलला तेव्हा पिवळ्यावर तीन लाल बोटं उमटली होती. बघता बघता ती ओल्या फडक्यावर पसरत गेली.

"अक्का," ती शांतपणे म्हणाली, "फडकं बघा."

गुरुमूर्तींनी दारातच साष्टांग घातला. गोदाक्कांनी ताट खाली ठेवून हात जोडले. आणि सामी बघतच राहिले. त्या खोलीत हे कसं झालं ते विद्युलताखेरीज त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं आणि त्यांनाच ते बोलता येत नव्हतं.

"काय म्हणते देवी, सामी?" विद्युलताने विचारलं.

सामींनी डोळे मिटले. "बोलवा म्हणते."

रत्नाकर त्या दिवशी रजेवर होता. तो बनियन आणि पायजमा अशा वेशात, एकाच पायात चप्पल घालून जो धावत सुटला तो डॉक्टरीणबाईंच्या दारातच थांबला. काळी मोटार आली. बाईंनी आत येऊन नव्या साबणाकडे पाहिलंही नाही. पोट दाबून बघितलं, हात पटकन उचलला, सेतुमाधवराव किंचाळले, तशा त्या उठून उभ्या राहिल्या.

"आंत्रपुच्छ सुजलें आहे. आत्तां हॉस्पिटलांत नेऊं, माझ्याच मोटारींत. कधीपासून दुखतें आहे?"

"सकाळपासून," गोदाक्का पुटपुटल्या.

"आणि सकाळपासून तुम्ही काय करीत होतां?"

सगळ्यांनी गुरुमूर्तींकडे पाहिलं. शेवटी गुरुमूर्ती म्हणाले, "विचारीत होतों."

"कोणास?"

गुरुमूर्ती मोटारीचं दार उघडायला धावले.

संध्याकाळी ऑपरेशन झालं. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, जरा आणखी उशीर झाला असता तर ते पोटात फुटलं असतं आणि मग माझ्या हातात काही राहिलं नसतं. गोदाक्कांनी विद्युलताचा हात घट्ट धरला आणि हॉस्पिटलच्या पायरीवर तिला शेजारी बसवून घेतलं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण लोक संपू देतील तर ना.

दुसऱ्या दिवशी विद्युलता केर काढायला दार उघडते तो जिन्यावर रांग. प्रत्येकाच्या हातात पिवळं फडकं. कुणी मोगऱ्याचा गजरा आणलेला, कुणी केळ्यांची फणी. गुरुमूर्ती सगळ्यांत पुढे.

"सातारा-अम्मा," ते हात जोडून म्हणाले, "माझ्या गुडघ्यावर तेवढा हात ठेवा."

"मी कसली अम्मा? उठा पाहू."

"अम्मा रागावते, म्हणजे खरी आहे," मागून कुणीतरी म्हणालं आणि रांगेने नमस्कार केला.

खाली तिण्णैवर मंजळसामी रात्रीतून सावरले होते. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "माझी शिष्या. मींच तिच्या हातांत शक्ति सोडली. तुम्ही पाहिलें नाहीं, मी डोळे विस्फारून बघत होतों तें? ती शक्ति डोळ्यांवाटेंच सोडावी लागते."

रत्नाकर मात्र खूश होता. त्याने जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून चार केळी खाल्ली आणि सालं कठड्यावरून खाली टाकली. "हे बघ," तो बायकोला म्हणाला, "तू प्रत्येकाला लालच दाखव. प्रत्येकजण डॉक्टर बोलवील. यात वाईट काय? वर केळीही मिळतील."

खरं सांगायचं तर विद्युलताला क्षणभर ते पटलं. वाईट काय? मग रांगेतून तुळसी नावाची तरुण बाई पुढे आली. कडेवर तान्हं मूल. मूल रडत नव्हतं, मान टाकून पडलं होतं, डोळे खोल गेलेले. ओठ कोरडे.

"जुलाब होतात," तुळसी म्हणाली. "रात्रीपासून दूध-पाणी घेत नाहीं. पहांटेंच आणलें होतें, पण तुम्ही उठलां नव्हतां. अम्मा, हात ठेवा."

विद्युलताच्या ध्यानात आलं. ही पोरगी तिच्या दाराशी, ती झोपून उठायची वाट बघत बसली होती. काल फडक्यासाठी खोळंबले होते, आज तिच्यासाठी. खोटं सोयीचं असलं तरी खोटंच ते, माणूस त्याच्यापुढे रांग लावून उभा राहतो.

"अहो, केळं ठेवा खाली," ती नवऱ्याला म्हणाली. "डॉक्टरीणबाईंना घेऊन या. धावत जा." रत्नाकर पुन्हा धावला, या वेळी दोन्ही चपला घालून. मग तिने तुळसीला घरात बसवलं, उकळून गार केलेल्या पाण्यात थोडी साखर आणि चिमूट मीठ घालून चमच्याचमच्याने बाळाला पाजायला सांगितलं आणि ती जिना उतरून तिण्णैपाशी आली. मागोमाग सगळी रांग.

"अक्का," तिने हाक मारली, "आरतीचं ताट आणा. हळद आणा. चुन्याची डबीही आणा."

गोदाक्का हॉस्पिटलातून नुकत्याच अंघोळीला आल्या होत्या. त्यांनी ताट आणलं.

"काल फडकं देवीनं लाल केलं नाही. मी केलं," विद्युलता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माझ्या बोटांना चुना होता. अक्का, तुम्ही नेहमी करता तशी आरती करून दाखवा."

गोदाक्कांनी हळद कालवली, चुना घातला, पाणी लाल झालं. बायका बघत होत्या. त्यात नवल काय, असे त्यांचे चेहरे. मग एकेक चेहरा फडक्यांकडे वळला आणि तिथेच थबकला.

"ही जादू नव्हे सामी," मागून एक म्हातारी म्हणाली. "हें तर मी काल सुनेच्या डोहाळजेवणांत केलें."

सामी हसले. "चुन्यानें होतें, तें मीही जाणतों. पण माझ्या कमंडलूंत कावेरी आहे. चुना कुठें आहे?"

गोदाक्का पुढे झाल्या. जन्मात त्यांनी भर रस्त्यात कुणाला उलट उत्तर दिलेलं नव्हतं. त्यांनी एका वाटीत हळद घेतली, त्यावर गंगा ओतली. पिवळी. दुसऱ्या वाटीत हळद घेतली, त्यावर कावेरी ओतली. लाल. मग कावेरीत बोट बुडवून त्यांनी जिभेवर लावलं. आयुष्यभर विडा खाल्लेली जीभ ती.

"सुण्णांबु," त्या म्हणाल्या. "चुन्याची निवळी. वरचें पाणी काढून घेतलें आहे, दिसायला स्वच्छ." आणि मग त्या सामींकडे वळल्या. "माझ्याच घरच्या हळदीस माझ्याच घरचा चुना लावून तुम्ही मज सांगत होतां, नवरा मरूं दे कीं वांचूं दे?"

बायकांनी हातातली फडकी खाली टाकली. चूल त्यांची, हळद त्यांची, चुना त्यांचा, आणि चमत्कार तेवढा सामींचा, हे एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं आणि कुणाला कुणाकडे बघवेना.

सामींनी मात्र वेळ ओळखली. उपरणं सावरून त्यांनी तिण्णैवरून उडी घेतली, ती नेमकी रत्नाकरने टाकलेल्या केळ्याच्या सालीवर. पाय सर्रकन गेला, घोटा मुरगळला आणि सामी दोन्ही कमंडलूंसकट रस्त्यात पसरले. गंगा आणि कावेरी त्यांच्या धोतरावरच एक झाल्या आणि पिवळं धोतर जागोजाग लाल व्हायला लागलं.

"ऐयो, पाय मोडला," सामी विव्हळले. "डॉक्टरास बोलवा कोणी."

गोदाक्का पिवळं फडकं घेऊन त्यांच्यापाशी बसल्या. "थांबा सामी. आधीं देवीस विचारूं."

"देवीस कशास त्रास, अक्का?" सामी कळवळून म्हणाले. "दुखतें आहे. विचारायचें काय त्यांत?"

गल्ली हसली. इतकी की पलीकडच्या गल्लीतली माणसं बघायला आली. पण खरं सांगतो, त्या सकाळी शहाणपणाचं सगळ्यांत नेमकं वाक्य बोलला तो हाच लबाड माणूस.

डॉक्टरीणबाई आल्या. आधी माडीवर बाळाला बघितलं, औषध दिलं, वेळेत आणलंत म्हणाल्या. मग खाली येऊन सामींचा घोटा बांधायला बसल्या.

"नांव काय?"

"राणोजी."

"आधीं काय करीत होतां?"

राणोजीने मान खाली घातली. "कुंभकोणमांत कुंकवाचें दुकान होतें. हळदीस चुना लावून कुंकूं करीत होतों. त्या बाजारांत आणखीही दुकानें होतीं, माझें चालेना. मग विचार केला, मद्रासेस जावें."

बाईंना हसू आवरलं नाही. मग हात पुसत त्या गर्दीकडे वळल्या. "तुम्ही सगळे मज बोलवायला भितां, तें मज ठाऊक आहे. नवा साबण नको, जुना चालतो. चांदीचा टंबलर नको. पोटाचें दुखणें वाढतच गेलें, ताप उतरेना, श्वासास त्रास झाला, मूल पाणी घेईना, माणूस भलतेंच बडबडूं लागला, तर बोलवा. आणि कळत नसेल तर तेंही मलाच विचारा, फडक्यास नको. मी येऊन 'कांहीं नाहीं' म्हणून परत गेलें तर माझें काय गेलें? तुमची झोंप तरी होईल."

गुरुमूर्तींनी तेवढ्यात गुडघा पुढे केला, म्हणून सभा संपली.

वाचकहो, तुमच्याही गावात असा एखादा सामी असेल. त्याचा रंग वेगळा असेल, हळदीऐवजी भस्म असेल, फडक्याऐवजी तांदूळ असतील. त्याला विचारायला जाण्याआधी एकदा आपल्या स्वयंपाकघरात डोकावून या. बहुतेक चमत्कारांची सामग्री तिथल्याच डब्यांत असते. ओवाळायचं असेल तर खुशाल ओवाळा, माया आहे ती. पण आधी माणूस पाठवा, डॉक्टर येईपर्यंत ओवाळत बसायला कुणाची ना नाही. ठरवायची भीती वाटते, ती सगळ्यांनाच वाटते. ती फडक्यावर टाकून जात नाही, नुसती लांबते, आणि लांबलेल्या वेळात माणूस जातो.

सेतुमाधवराव घरी आले त्या दिवशी गोदाक्का दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. हळदीत चुना पडला, पाणी लाल झालं आणि गल्लीतली सगळी पोरं एका सुरात ओरडली, "सुण्णांबु." गोदाक्कांनी हसत ओवाळलं, पाणी उंबऱ्याबाहेर टाकलं आणि नवऱ्याला हात धरून झोपाळ्यावर बसवलं.

सेतुमाधवरावांच्या दंडाला ताईत नव्हता. आवाज मात्र परत आला होता.

"गोदे, कॉफी."

"डॉक्टरीणबाईंनीं आठ दिवस नको म्हटलें आहे."

सेतुमाधवरावांनी इकडे तिकडे बघितलं, मान पुढे केली आणि हळूच म्हणाले, "मग एकदां देवीस विचारून तरी बघ. तें फडकें कुठें आहे?"

"चुलीपाशीं," गोदाक्का म्हणाल्या. "तापलेलीं भांडीं उतरवायला घेतलें आहे."